निवेदिकाच ऑपेरा गाणारी असेल, तर थेट कार्यक्रमाचा क्रम तिच्या गळ्यावरून लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका सांस्कृतिक मंडळाला डिसेंबरात ९० मिनिटांचा व्हरायटी शो थेट दाखवायचा आहे, स्थानिक केबल वाहिनीवर आणि यूट्यूबवर एकाच वेळी. सभागृह साधारण ८०० खुर्च्यांचं. निवेदन करणार आहे ऑपेरा शिकलेली एक सोप्रानो (स्त्रियांतला सगळ्यात उंच आवाज), आणि मधे तीन गाणीही तीच गाणार. पाहुण्यांमध्ये कथक, जादूगार, मुलांचा वाद्यवृंद, खडी गंमत (विदर्भातली शाहिरी लोककला) आणि एक मुलाखत. माइक कोणता घ्यावा, गाणी कुठे घालावीत आणि बोलणं-गाणं एकाच माणसाकडे असलं की काय बिघडतं, असं विचारलं आहे.

माइककडे नंतर येऊ. आधी कार्यक्रमाचा क्रम बघा, कारण अशा कार्यक्रमात सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. एरवी आपण पाहुण्यांच्या सोयीने क्रम लावतो: मोठा पाहुणा शेवटी, मुलं लवकर, जादूगार मधे. निवेदक गाणारा नसेल तर ते चालून जातं. इथे मात्र गाणारा आणि बोलणारा गळा एकच आहे. बोलणं हे गाण्यापेक्षा सोपं काम, असं समजून मंडळी निवेदिकेच्या तोंडी पानंच्या पानं घालतात. प्रत्यक्षात सभागृहाच्या गोंगाटावर आवाज चढवून, घाईघाईत, उभ्याने केलेलं निवेदन गळ्याला गाण्यापेक्षा जास्त थकवतं. गाताना तिचा श्वास, सूर आणि उच्चार सगळं बेतलेलं असतं. बोलताना यातलं काहीच बेतलेलं नसतं.

म्हणून पहिला नियम: ९० मिनिटांत तिचं बोलणं, मुलाखत धरून, १६ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. यातली ८ मिनिटं मुलाखतीची आणि ८ मिनिटं सगळ्या जोडनिवेदनांची. जोडनिवेदन ४० सेकंदांचं असावं. पाहुण्याचा जीवनपट वाचायचा मोह होतो, तो पडद्यावर दोन ओळींत द्या.

आता मिनिटांची बेरीज. तीन गाणी मिळून १०, जोडनिवेदन ८, मुलाखत ८, खडी गंमत १२, जादू ८, कथक ७, वाद्यवृंद ८, आधी चित्रित केलेल्या दोन फिती मिळून ६, दोन मध्यांतरं मिळून ४, शेवटचं समूहगान ५. बेरीज ७६ येते, ९० नाही, आणि ती तेवढीच यायला हवी. उरलेल्या १४ मिनिटांतली ८ टाळ्या, ये-जा, माइक बदलणं, तबल्याची गादी सरकवणं यात जातात. बाराएक सांधे आणि प्रत्येकी ४० सेकंद धरा. बाकीची ६ राखीव. कागदावर ९० मिनिटं भरून ठेवली, तर कार्यक्रम हमखास १०५ वर जातो आणि केबलवाला तुमचं समूहगान अर्ध्यात कापून पुढची जाहिरात लावतो.

गाण्यांची जागा अशी ठेवा. पहिलं गाणं अगदी सुरुवातीला, शीर्षकफीत संपल्या संपल्या, अडीच मिनिटांचं, मध्य पट्टीतलं, सोपं. त्या वेळी तिचा गळा तापलेला असतो आणि ही नुसती निवेदिका नाही हे प्रेक्षकाला लगेच कळतं. दुसरं, म्हणजे खरी आरिया (ऑपेरातलं एकल गाणं), ३० ते ३५ व्या मिनिटाला. तिच्या आधी तीन मिनिटांची फीत लावा, म्हणजे ती विंगेत उभी राहून श्वास जागेवर आणेल, घोटभर पाणी पिईल. आरिया संपली की थेट मध्यांतर. त्यानंतर लगेच खडी गंमत, आणि त्या खेळाची ओळख शाहिरानेच करून द्यायची. ओळख तो उत्तम करून देतो, त्याला वेगळी निवेदिका लागतच नाही. अशी निवेदिकेला सलग चौदा-पंधरा मिनिटं गप्प बसायला मिळतात. मुलाखत यानंतर. मुलाखत आरियाच्या आधी कधीही ठेवू नका. आठ मिनिटं उत्साहात बोललेला गळा कोरडा पडतो आणि मग वरच्या सुरावर श्वास पुरत नाही. तिसरं गाणं ७५ व्या मिनिटाच्या आसपास, आणि ते मराठी असावं. नाट्यपद किंवा भावगीत, तिच्या मध्य सप्तकात बसणारं. थकलेल्या गळ्याला इथे वरचा सूर मागायचा नाही.

खडी गंमतीबद्दल एक गोष्ट जपा. ही मंडळी रात्रभर उभ्याने खेळ करतात, बारा मिनिटांत थांबणं त्यांच्या सवयीचं नाही. ‘लवकर आटपा’ असं ऐनवेळी विंगेतून सांगणं हा त्यांचा अपमान आहे. आदल्या दिवशी शाहिरासोबत बसून कोणता भाग घ्यायचा, कुठल्या ओळीवर थांबायचं, हे त्यांच्या तोंडून ठरवून घ्या. दहाव्या मिनिटाला ढोलकीवाल्याला दिसेल अशा जागी एक हिरवा दिवा लावा. ढोलकीवाला लय आवरती घेतो आणि शाहीर आपोआप समेवर येतो. शाहिराला हातातला माइक, झीलकऱ्यांसाठी (मागे सूर धरणाऱ्यांसाठी) उंचावर एक कंडेन्सर माइक, ढोलकीला वेगळा माइक नको. ती विनामाइकच अख्ख्या सभागृहात पोचते आणि झीलकऱ्यांच्या माइकमध्ये हवी तेवढी येते.

आता आरियाची निवड. परदेशात ऑपेरा गायकांनी असे कार्यक्रम केलेले आहेत. मेट्रोपॉलिटन ऑपेरात १९४३ मध्ये अवघ्या १८ व्या वर्षी पदार्पण केलेल्या पॅट्रिस मुन्सेलने १९५७-५८ मध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर स्वतःच्या नावाचा व्हरायटी शो केला. पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनच्या सेम्परऑपर या ऑपेरागृहाचा बास (खर्जातला पुरुष आवाज) गायक गुंटर एमरलिश १९८७ पासून ‘शोकोलाडे’ हा मनोरंजनाचा कार्यक्रम करत होता. अलीकडच्या काळात रोलांदो विलाझोन या टेनरने (उंच पुरुष आवाज) आर्टे वाहिनीवर तरुण गायक-वादकांचा कार्यक्रम सादर केला आहे. अशा निवेदकाला आधी सहज बोलता यायला हवं, पाहुण्याला मोकळं करता यायला हवं. गळ्याची ताकद हा वरचा लाभ. तुमच्या निवेदिकेची निवडही याच कसोटीवर तपासा, आणि मग तिला एकच आरिया द्या, पण पूर्ण द्या. दोन अर्धवट नकोत.

लांबी चार मिनिटांच्या आत ठेवा. पुच्चिनीच्या ‘जान्नी स्किक्की’मधली ‘ओ मिओ बाब्बिनो कारो’ अडीच मिनिटांत होते आणि सोप्रानोला सोयीची आहे. तीच घेतलीत तर हातात दीड मिनिट उरतं. त्यात दोन वाक्यांत अर्थ सांगता येतो, की मुलगी बापाला म्हणते आहे, याच्याशी लग्न होऊ दे नाहीतर नदीत उडी मारीन. एवढं सांगितलं की नागपूरचा प्रेक्षक पुढचं सगळं चेहऱ्यावरून समजून घेतो. हा अर्थ तिने स्वतः सांगायचा नाही. आधीच्या फितीच्या शेवटी दुसऱ्याच्या आवाजात टाका किंवा पडद्यावर मराठीत लिहा.

या आरियाचं एक अंग तुमच्या साउंडवाल्याला समजावून द्यायलाच हवं. तिची मूळ पट्टी ए-फ्लॅट मेजर, म्हणजे आपली काळी चार. ख्याल किंवा नाट्यसंगीत गाणाऱ्या कितीतरी बायकांची पट्टी हीच, त्यामुळे साउंडवाल्याला वाटतं, ओळखीचा मामला आहे. पण आपली गायिका काळी चारचा मध्य षड्ज जिथे धरते, त्याच्या दोन सप्तकं वर, अतितार षड्जावर ही सोप्रानो जाऊन उभी राहते आणि तिथे पूर्ण ताकदीने स्वर धरते. ख्यालगायिका एवढ्या वर जातच नाही. म्हणजे त्याच्या सवयीच्या लेव्हलवर ठेवलेला माइक या एका सुरावर फाटणार, हे आधीच ठरलेलं आहे.

तर आता माइक. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं. प्रशिक्षित सोप्रानोचा वरचा सूर त्याच अंतरावर १०० च्या पुढे जातो. अंतर निम्मं झालं की ६ डेसिबल वाढतात. एक मीटरवरून तोंडाजवळच्या ३ सेंटीमीटरवर येईपर्यंत अंतर पाच वेळा निम्मं होतं, म्हणजे आणखी ३० डेसिबल. हेडसेट माइकच्या कॅप्सूलवर (आवाज पकडणाऱ्या भागावर) १३० डेसिबल आदळतात. बाजारात भाड्याने मिळणारे कित्येक हेडसेट आणि कॉलर माइक एवढा दाब झेलत नाहीत. त्यामुळे गेन (मिक्सरवर आवाज उचलायचं प्रमाण) कितीही खाली आणला तरी आवाज फाटतच राहतो, आणि फाटतो तो कॅप्सूलमध्ये किंवा ट्रान्समीटरमध्ये. मिक्सरवर लाल दिवा लागत नाही. साउंडवाला मिक्सरकडे बघून ‘इथे तर सगळं ठीक आहे’ म्हणतो आणि खरंच तिथे सगळं ठीक असतं. रिसीव्हरवरचा पीक दिवा बघा, तिथे कळतं. भाड्याने घेताना माइकचा कमाल दाब विचारा, १३५ डेसिबलच्या खालचा घेऊ नका.

सोपा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे दोन माइक. बोलण्यासाठी आणि हलक्या गाण्यांसाठी हेडसेट, तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटीमीटर, श्वासाच्या सरळ झोतात न येईल असा. आरियासाठी स्टँडवर छोट्या डायफ्रामचा कार्डिऑइड (समोरचाच आवाज जास्त घेणारा) कंडेन्सर, तोंडापासून ४५ ते ६० सेंटीमीटर, हनुवटीच्या किंचित वर, रोख हनुवटीकडे, १० डेसिबलचा पॅड (आवाज कमी करणारं बटण) चालू करून. फरशीवर पांढऱ्या टेपची फुली मारा. ती तिथे येऊन उभी राहील. फुली आणि स्टँड यांचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा, कारण फितीच्या तीन मिनिटांत हा स्टँड कुणीतरी घाईने आणून ठेवणार आहे. ८०० खुर्च्यांच्या सभागृहात या आवाजाला स्पीकरचा फक्त टेकू लागतो, त्यामुळे माइक लांब आहे म्हणून शिट्टी वाजेल ही भीती नको.

आरिया चालू असताना हेडसेट पूर्ण बंद. दोन्ही माइक उघडे राहिले तर एकच आवाज दोन अंतरांवरून येतो, काही कंप्रता एकमेकांना खातात आणि सूर नाकातून आल्यासारखा, पोकळ ऐकू येतो. हे काम आठवणीवर सोडू नका. मिक्सर डिजिटल असेल तर ‘बोलणं’ आणि ‘आरिया’ असे दोन सीन साठवून ठेवा आणि एका बटणावर बदला.

दोन माइक जमतच नसतील, तर हेडसेटच्या रिसीव्हरचा आवाज मिक्सरवर दोन चॅनेलमध्ये घ्या. ट्रान्समीटरचा गेन गाण्याच्या मोठ्यात मोठ्या सुरावर लावा, शिखर उणे १० ते उणे १२ वर राहील असा. मग बोलण्याच्या चॅनेलला १५ ते २० डेसिबल वाढवून द्या. यात बोलण्याबरोबर थोडी सरसर वाढते, ती सहन करावी लागते. बोलण्याच्या चॅनेलला १०० ते १२० हर्ट्झखाली छाट, कॉम्प्रेशन ३:१, अटॅक १० मिलिसेकंद, रिलीज सव्वाशेच्या आसपास. गाण्याच्या चॅनेलला ८० हर्ट्झखाली छाट, कॉम्प्रेशन २:१ पेक्षा जास्त नको, अटॅक २० ते ३०, रिलीज २५० ते ३००, आणि आवाज ६ डेसिबलहून जास्त कधी दबू नये. याहून जास्त दाबलंत तर हळू सूर आणि मोठा सूर सारखेच ऐकू येतात आणि ऑपेरा गाणारी व्यक्ती आणल्याचा अर्थच उरत नाही.

रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) फक्त गाण्याला, १.८ ते २ सेकंदांचा. गाणं संपून ती ‘धन्यवाद’ म्हणते आणि तो शब्द विहिरीतून आल्यासारखा घुमतो, ही चूक थेट कार्यक्रमांत सगळ्यात जास्त वेळा ऐकू येते. यासाठीही सीन बदलणं हाच उपाय.

ध्वनिचाचणीत एक फसगत ठरलेली आहे. शिकलेले गायक तालमीत गळा राखून, अर्ध्या आवाजात गातात, आणि ते बरोबरच आहे. साउंडवाला त्या अर्ध्या आवाजावर गेन लावतो, मान डोलावतो आणि चहाला जातो. कार्यक्रमात पूर्ण आवाज येतो आणि पहिल्याच लांब सुरावर सगळं कोसळतं. म्हणून तिला आधीच कळवा: ‘ताई, संपूर्ण गाणं नको, सगळ्यात मोठ्या जागेच्या चार मात्रा फक्त एकदा, पूर्ण आवाजात द्या.’ एकदाच मागायचं. त्या वेळी साउंडवाला, प्रसारणाचा मिक्स करणारा आणि कॅमेरावाला तिघंही जागेवर हवेत. पाच वेळा गायला लावलंत तर संध्याकाळची आरिया दुपारीच खर्च झाली.

सभागृहाचा मिक्स आणि प्रसारणाचा मिक्स वेगळे ठेवा, माणूसही वेगळा. सभागृहात ढोलकी आणि सोप्रानो माइकशिवायही ऐकू येतात, म्हणून तिथला साउंडवाला त्यांचा आवाज घेणाऱ्या माइकचे फेडर खाली ठेवतो. तोच मिक्स यूट्यूबला गेला की घरी बसलेल्याला ढोलकी नावालाही ऐकू येत नाही. स्टेजवरून स्प्लिटर लावून प्रत्येक माइक दोन्ही मिक्सरना द्या. प्रसारणासाठी दोन माइक प्रेक्षकांकडे तोंड करून मंचाच्या कडांना लावा, नाहीतर टाळ्या डब्यात वाजल्यासारख्या येतात. मात्र आरियात हे दोन्ही खाली. शेवटच्या लांबवलेल्या सुरावर ओळखीची मंडळी स्वर संपायच्या आधीच टाळ्या सुरू करतात. माइक खाली असतील तर घरच्या प्रेक्षकाला तो सूर शेवटपर्यंत मिळतो. सूर सुटला की दोन्ही वर.

आवाजाच्या सरासरी पातळीबद्दल: यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) वरचा आवाज खाली ओढतं, युरोपातल्या प्रसारणाचा दंडक उणे २३ चा आहे. ऑपेरा आणि बोलणं दोन्ही असलेल्या कार्यक्रमात उणे १८ ते उणे १६ ठेवा, शेवटी लिमिटर उणे १ वर. उणे १४ गाठायच्या नादात आरियाचा जीव जातो. केबल वाहिनीचा तंत्रज्ञ काय पातळी मागतो ते आठवडाभर आधी विचारून घ्या. आणि कॅमेऱ्यांमधला, एन्कोडरमधला (चित्र-आवाज इंटरनेटवर पाठवणारं यंत्र) ऑटो गेन बंद करा. तो चालू राहिला तर ती दोन ओळींमध्ये श्वास घेते तेवढ्यात पंख्याचा आवाज वर येतो.

वायरलेस माइक २.४ गिगाहर्ट्झचे घेऊ नका. दुपारी रिकाम्या सभागृहात ते झकास चालतात, संध्याकाळी ८०० मोबाइल आत आले की तुटायला लागतात. यूएचएफ घ्या. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी नवे सेल घाला, आधीचे अर्धे भरलेले असले तरी.

कानातल्या इअरपीसचा नियम कडक हवा. निर्मात्याच्या सूचना तिच्या एकाच कानात जाव्यात, दुसरा कान मोकळा. ती गायला लागल्यावर तिच्या कानात कुणीही, काहीही बोलायचं नाही. ‘दोन मिनिटं राहिली’ हे शब्द सुरावर असताना कानात पडले तर सूर हलतोच. गाण्यापुरतं टॉकबॅकचं बटण एका माणसाच्या ताब्यात द्या आणि बाकीच्यांचं बंद करा. वेळेच्या खुणा फ्लोअर मॅनेजरने हाताने द्याव्यात, कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी उभं राहून, म्हणजे तिची नजर हलत नाही.

साथीला पियानोचा कीबोर्ड आणि नाट्यपदाला पेटी असेल, तर दोन्ही आदल्या दिवशी ट्यूनरवर तपासा. कीबोर्डचा ए स्वर ४४० हर्ट्झवर असतो. जुन्या पेट्या थोड्या वर किंवा खाली असतात आणि पेटी ऐनवेळी बदलत नाही. फरक असला तर कीबोर्ड पेटीला मिळवा, उलट नाही. समूहगानात दोन्ही एकत्र वाजणार आहेत, तिथे हा फरक लपत नाही. ट्रॅकवर गाणं शक्यतो टाळा. थेट साथीदार तिच्या श्वासाची वाट पाहतो, ट्रॅक पाहत नाही. शिवाय पुच्चिनी १९२४ मध्ये गेला. भारतात कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संगीतावरचा हक्क संपतो, त्यामुळे चाल मोकळी आहे. शब्द मात्र जोवाक्किनो फोर्झानोचे, तो १९७० मध्ये गेला, म्हणून शब्दांवरचा हक्क अजून चालू आहे. आणि ट्रॅकचं ध्वनिमुद्रणही कुणाचं तरी असतं, आणि यूट्यूबची यंत्रणा नेमकं तेच ओळखते. मराठी गाण्याचे शब्द आणि चाल दोन्हींचे कर्ते वेगवेगळे तपासा, आणि हक्क चालू असतील तर आयपीआरएसकडून (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना आधी घ्या.

कॅमेऱ्याकडे वळू. वरच्या सुरावर सोप्रानोचा जबडा पूर्ण उघडतो. अगदी जवळचा क्लोजअप घेतला तर पडद्यावर दात, जीभ आणि टाळू दिसते आणि घरच्या माणसाचं गाण्यावरून लक्ष उडतं. वरच्या जागा कमरेपर्यंतच्या चौकटीत घ्या, किंचित बाजूने, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. पहिल्या रांगेसमोर जमिनीवर ठेवलेला कॅमेरा इथे वापरू नका. क्लोजअप हवा असेल तर हळू ओळींवर आणि सूर सुटल्यानंतरच्या क्षणी घ्या. चेहरा तिथे खूप काही सांगतो. दृश्य दिग्दर्शकाला गाण्याचे शब्द देवनागरीत लिहून, कुठे श्वास आणि कुठे वरचा सूर ते लाल पेनाने खुणावून द्या. त्याला इटालियन येत नसलं तरी चालतं, फक्त कट श्वासावर पडला पाहिजे.

सगळे कॅमेरे २५ किंवा ५० फ्रेमवर, शटर १/५० वर. आपली वीज ५० हर्ट्झची. कुणाचा तरी कॅमेरा ३० वर राहिला तर एलईडी दिव्यांखाली पडदा लुकलुकतो. चित्र स्विचरमधून जाताना एक ते तीन फ्रेम मागे पडतं, म्हणजे ४० ते १२० मिलिसेकंद, आणि आवाज आधी पोचतो. आवाज ४५ मिलिसेकंदांहून पुढे गेला की बघणाऱ्याला खटकतं. बोलण्यात एकवेळ चालून जातं, गाण्यात ओठ आणि सूर जुळले नाहीत तर लोक ‘लिपसिंक आहे’ म्हणून मोकळे होतात. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा, फ्रेम मोजा आणि प्रसारणाच्या आवाजाला तेवढाच डिले द्या.

इंटरनेट: १०८० च्या चित्राला सहाएक एमबीपीएस अपलोड लागतं, हातात बारा असू द्या, तेही वायरने, आणि दुसऱ्या कंपनीची जोडणी राखीव. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करताना परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागतात, ते आठवडाभर आधी उरकून घ्या. स्विचर, एन्कोडर आणि राउटर यूपीएसवर. साउंड आणि दिव्यांचे डिमर एकाच फेजवर नकोत, नाहीतर दिवे मंदावले की स्पीकरमध्ये घूं सुरू होते.

नागपूरच्या डिसेंबराचा विचार वेगळा करा. रात्री चांगलीच थंडी पडते आणि हवा कोरडी. सभागृह कोणतंही असो, बंद जागेत एसीने आणखी कोरडं होतं. मंचावरचा एसीचा झोत तिच्या उभ्या राहायच्या जागेवर येत असेल तर ती झडप बंद करून घ्या. तिच्या खोलीत हीटर लावलात तर शेजारी पाण्याचं पसरट भांडं ठेवा. पाणी साधं, कोमट. गार नको आणि गाण्याआधी दुधाचा चहाही नको. मैदानावर करणार असाल तर दवाचा आणि धुळीचा हिशेब वेगळा, आणि मग आरिया रात्री आठच्या आत उरका.

धुराचं यंत्र कथकवाल्यांना हवं असतं, जादूगाराला तर हवंच. तो धूर मंचावर बराच वेळ रेंगाळतो आणि पूर्ण श्वास भरणाऱ्या गायिकेच्या घशात जातो. धूर लागणारे दोन्ही आयटम आरियाच्या आधी येतात, म्हणून शेवटचा धूर आणि आरिया यांत निदान दहा मिनिटं हवीत. तेवढं जमत नसेल तर धूर रद्द करा आणि जादूगाराला तसं आधी सांगा. तो ऐकतो, त्याच्याकडे धुराविना होणारे खेळही असतात.

गळा तापवायला तिला वीस-पंचवीस मिनिटं बंद खोली लागते, प्रसारणाच्या अर्धा तास आधी संपेल अशी. त्या वेळी मेकअपवाली, हार घेऊन आलेले पदाधिकारी आणि फोटो काढणारे यांना दाराबाहेर थांबवायला एक खमका माणूस नेमा. हे काम कुणाकडेच नसतं म्हणून कुणी करत नाही. कपडे शिवताना ते घालून एकदा गायला सांगा. नऊवारी असो की गाऊन, कंबरपट्टा घट्ट बसला तर बरगड्या फुलत नाहीत आणि लांब ओळ मधेच तुटते.

प्रॉम्प्टरवर निवेदन देवनागरीत युनिकोडमध्येच टाका. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं फुटतात, आणि पाहुण्याचं नाव थेट प्रक्षेपणात अडखळतं. पाहुण्यांची नावं तिच्याकडून मोठ्याने म्हणून घ्या, विशेषतः झाडीपट्टीकडची आडनावं.

शेवटची दहा मिनिटं उलटी मोजायची असतात. ९० ला बंद, ८८ ला आभार, ८३ ला समूहगान, ७९ ला तिचं गाणं संपलेलं. ७० व्या मिनिटाला तुम्ही चार मिनिटांहून मागे असाल तर दुसरी फीत गाळा, गाणं छाटू नका. पुढे असाल तर समूहगानाचं ध्रुवपद दोन वेळा जास्त घ्या. ते त्यासाठीच ठेवलेलं आहे, आणि त्यात तिने वरचा सूर लावायचा नाही हे तिला आधीच माहीत असू द्या.

आणि गळाच बसला तर? सर्दी असेल तर ती दुपारीच सांगेल, तिच्या शब्दावर विश्वास ठेवा. आरियाच्या जागी वाद्यवृंदाकडून चार मिनिटांचा जास्तीचा तुकडा तयार ठेवा, नाट्यपद एक पट्टी खाली वाजवायची तालीम पेटीवाल्याकडून करून घ्या, आणि जोडनिवेदनांचे कागद दुसऱ्या एका माणसाकडे विंगेत असू द्या, माइक लावलेला. खाली आणलेल्या पट्टीचा कागद पेटीवर चिकटवूनच ठेवायचा. ऐनवेळी तो शोधायला कुणी मोकळं नसतं.